कोळशाच्या छिद्रांतील मिथेन

ठाणे महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात टाकला जात असे. रहिवाशांच्या दीर्घ विरोधानंतर २०२३ मध्ये ते डम्पिंग बंद झाले. तोवर आग आणि धूर आसपासच्या वस्तीच्या पाचवीलाच पुजलेले होते. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि कचरा टाकणे थांबले तरी तो पुढे कित्येक वर्षे निघत राहतो. रिक्षात सीएनजी म्हणून पैसे मोजून भरला जातो तोही मुख्यतः मिथेनच. एकीकडे उपद्रव, दुसरीकडे माल! मधले अंतर शुद्धीकरणाचे आणि साठवणुकीचे.

साठवणूक सोपी नाही. मिथेन द्रवरूप करण्यास उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. सीएनजीसाठी वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. म्हणून जाड पोलादी सिलिंडर, आणि तो मोटारीची निम्मी डिकी खातो. थोडा थोडा वायू निघणाऱ्या जागेस हे दोन्ही मार्ग परवडणे कठीण.

तिसरा मार्ग अधिशोषणाचा. गोदामात फळ्या ठोकल्या की त्याच चार भिंतींत माल अधिक मावतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरहून अधिक असू शकते. येथील फळ्या तर माल स्वतःच ओढून घेतात. मिथेनचे रेणू छिद्रांच्या भिंतींना धरून दाटीने राहतात. असा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही होतो. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून तो केला आणि अवघ्या ३५ पट दाबाखाली एका लिटरच्या जागेत १८० लिटर वायू बसविला. इतक्या कमी दाबास जाड सिलिंडरची गरज नसते. टाकी चपटीही चालते. धातू व सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांत मिथेन शिरतो, हे जपानच्या सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये दाखविले. अशा जाळ्यांवरील कार्यासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना अन्य दोघांसह मिळाले.

तरीही ही टाकी बाजारात रुळलेली नाही. भरताना कोळसा तापतो आणि तापल्यावर कमी वायू धरतो. रिकामी करताना काही वायू छिद्रांतच राहतो; खात्यातील किमान शिल्लक जशी काढता येत नाही, तसाच. दिव्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो, शिवाय बाष्प. हे दोघे मिथेनची जागा अडवितात. म्हणून तेथील खर्चाचा हिशेब टाकीच्या किमतीआधी वायूच्या सफाईपासूनच मांडावा लागेल.