रायफल पेलायची हाडांवर

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातलं त्याचं कांबळवाडी गाव देशभर पोचलं. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन: आधी गुडघा टेकून, मग पालथं झोपून, शेवटी उभ्याने. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं आणि रायफल आठ किलोपर्यंत भरू शकणारी.

हे वजन दंडाच्या जोरावर पेलायला गेलं, की स्नायू थरथरतात आणि नळी डोलू लागते. म्हणून भार हाडांवर टाकायचा. झोपून नेम धरताना डाव्या दंडाला बांधलेला पट्टा रायफल तोलतो, हात सैल राहतो. मात्र पट्टा भलत्या जागी आवळला, तर नाडीचा ठोकाही नेमात दिसतो! गुडघ्यावर बसताना उजव्या पावलाखाली छोटी गोल उशी असते, डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकतं. उभ्याने पट्ट्याला परवानगी नाही. मग कोपर कमरेच्या हाडाशी टेकवून, पाठ किंचित मागे झुकवून अंगाचाच खांब करावा लागतो. गुण गळतात ते बहुधा इथेच. पात्रता फेरीत स्वप्नीलला गुडघ्यावर १९८, झोपून १९७ आणि उभ्याने १९५ गुण मिळाले होते.

उजव्या हाताचं काम नाजूक. मनगट सरळ, दस्ता हलकेच खांद्याकडे ओढलेला, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर. मूठ करकचून आवळली, की तर्जनीही ताठरते. नवख्याचा नेम चुकला असं बघणारे म्हणतात. पुष्कळदा नेम ठीक असतो, ट्रिगरला दिलेला हिसका नडतो.

बैठक जमली का, हे पाहायची युक्ती साधी आहे. रायफल रोखायची, डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नेम सरकलेला दिसला, तर रायफल हाताने रेटायची नाही, अंग हलवायचं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये झोपून मारण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेत जगज्जेतेपद मिळवलं. साठ गोळ्यांत इतकं सातत्य बैठक पक्की असल्याशिवाय येत नाही.

शॉटगनच्या ट्रॅप प्रकारात हे सगळं उलटं होतं. मातीची तबकडी सुसाट उडते, स्थिर राहायला सवड नसते. दोन्ही डोळे बहुधा उघडे ठेवून, कमरेतून वळत बंदूक तबकडीबरोबर फिरवायची, आणि ट्रिगर ओढल्यावरही फिरवत राहायची. क्षणभर थांबलं, तर छर्रे तबकडीच्या मागून निघून जातात.