विश्लेषण : जिल्ह्याचे नाव बदलले तर डेटाबेसमधली नोंद हरवते का?

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण एखाद्या सॉफ्टवेअरने नाव हीच जिल्ह्याची ओळख धरली असेल, तर तिथे नुसती पाटी बदलून भागत नाही. नांदेड-लातूरमध्ये अभियांत्रिकीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हे आधीच समजून घेतलेले बरे.

एंटिटी क्लास म्हणजे काय?

डेटाबेसमधल्या टेबलचे कोडमधले रूप म्हणजे एंटिटी क्लास. ‘जिल्हा’ हा क्लास, तर लातूर ही त्यातली एक नोंद. कोड आणि टेबल यांच्यातली ने-आण ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपिंग, म्हणजेच ओआरएम करते. जावामध्ये हायबरनेट २००१ मध्ये आले आणि २००६ मध्ये जेपीए हे सामाईक मानक ठरले.

ओळख कशावर ठरवायची?

नाव प्रायमरी की केले, तर प्रत्येक तालुक्याच्या नोंदीतही तेच नाव जाऊन बसते. शिवाय जेपीएच्या नियमानुसार एंटिटीची प्रायमरी की नंतर बदलायची नसते.

मग जनगणनेचा कोड चालेल? २०११ च्या यादीत नांदेड ५११, लातूर ५२४ आणि उस्मानाबाद ५२५. नाव बदलले तरी त्या यादीतला ५२५ तसाच राहतो. पण पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. त्या यादीत तो नाहीच. लातूरचेही तसेच. जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे १९८१ च्या जनगणनेनंतर.

म्हणून संकेत असा : आयडी डेटाबेसने दिलेला, अर्थ नसलेला आकडा असावा. नाव आणि सरकारी कोड वेगळ्या रकान्यांत ठेवावेत.

आणखी कोणते नियम पाळायचे?

• क्लासचे नाव एकवचनी ठेवा : ‘जिल्हे’ नव्हे, ‘जिल्हा’.

• पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर हवाच. तो पब्लिक किंवा प्रोटेक्टेड असावा. क्लास ‘फायनल’ नको.

• ‘हॅशकोड’ नावावरून काढू नका. हॅशसेटमध्ये ठेवलेल्या ऑब्जेक्टचे नाव बदलले, की तो तिथे असूनही सापडत नाही. डेटाबेसने दिलेल्या आयडीवरून काढला तरी हाच धोका आहे, कारण सेव्ह होण्याआधी आयडी रिकामा असतो. त्यामुळे अनेक जण ‘इक्वल्स’मध्ये आयडी तपासतात आणि हॅशकोड स्थिर ठेवतात.

• लूपमध्ये प्रत्येक तालुक्याची गावे वेगळी मागवू नका. लातूरच्या १० तालुक्यांसाठी ११ क्वेरी जातात, नांदेडच्या १६ साठी १७. ‘जॉइन फेच’ वापरले तर एका क्वेरीत काम होते.

सामान्यांना याचे काय?

पीक विमा असो वा शिष्यवृत्ती, ऑनलाइन अर्ज जिल्हा, तालुका, गाव याच साखळीतून पुढे जातो. या साखळीतली ओळख नावावर टांगलेली असेल, तर जुन्या नावाने अर्ज केलेल्याला नव्या नावाने शोधताना ‘नोंद सापडली नाही’ एवढेच उत्तर मिळू शकते. आयडी वेगळा असेल, तर नाव बदलायला एका ओळीतली दुरुस्ती पुरते.