रांगेची खरी लांबी

डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ‘सी’ नांवाची संगणकभाषा सिद्ध केली. १९९१ सालीं लायनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेला लिनक्स प्रणालीचा गाभा मुख्यतः याच भाषेंत लिहिलेला आहे, आणि पालकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात. तेव्हां या भाषेंतील एका लहानशा खुणेविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिले, तर ते अस्थानीं होणार नाहींत अशी आशा आहे.

‘सी’मध्यें एकाच जातीच्या अनेक वस्तु ओळीनें ठेवावयाच्या असल्यास त्या रांगेस ‘अ‍ॅरे’ म्हणतात. नांवापुढें चौकटी कंस घालून त्यांत ८ लिहिले, कीं संगणकाच्या स्मृतींत आठ कप्पे राखून ठेवले जातात. आतां नवव्या कप्प्यांत कांहीं लिहावयास सांगितलें तर? ही भाषा बहुधा हरकत घेत नाहीं. शेजारीं जें असेल त्यावरच ती लिहून मोकळी होते. शेजारीं दुसराच हिशेब असेल, किंवा प्रोग्रामनें पुढें कोठें जावें याचा पत्ता असेल. तो पत्ता बदलला कीं घराच्या किल्ल्या परक्याच्या हातीं गेल्या म्हणून समजावें. १९८८ च्या नोव्हेंबरांत मॉरिस नांवाच्या ‘किड्या’नें इंटरनेटवरील कित्येक संगणक ठप्प केले, त्याच्या वाटांपैकीं एक वाट हीच होती. ५१२ बाइटांच्या जागेंत त्याहून लांब मजकूर ओतला गेला, व तो थांबविणारें कोणी नव्हतें.

रांगेची लांबी आधीं ठाऊक नसेल तर अडचण अधिकच. वर्गाचा हजेरीपट घ्या: प्रथम विद्यार्थ्यांची संख्या, आणि तिच्या खालीं नांवें. नांवें बारा कीं चाळीस, हें प्रोग्राम लिहितांना कसें कळावें? १९८९ च्या प्रमाण ‘सी’मध्यें यासाठीं सरळ सोय नव्हती. म्हणून जाणत्यांनीं युक्ति काढली: शेवटच्या रांगेच्या कंसांत १ लिहावयाचा, आणि प्रत्यक्ष जागा मागतांना हवी तितकी अधिक मागावयाची. एक कप्पा आधींच मोजलेला असल्यामुळें चाळीस नांवांसाठीं आणखी एकोणचाळीसच मागावे लागत. (रस्त्याच्या कडेला झाडें लावण्याच्या उदाहरणांत हा ‘एक’ कितीजणांस फसवितो, हें गणिताच्या शिक्षकांस विचारावें!) कांहीं कंपायलरांनीं कंसांत शून्य लिहिण्याचीही मुभा दिली. परंतु शून्याच्या रांगेचें माप विचारलें तर उत्तर निमूटपणें शून्यच येई, आणि ती रांग चुकून मध्येंच पडली तरी कोणी टोकीत नसे.

याहून मोठी हानि निराळीच होती. कंसांतील १ चा अर्थ कधीं एक तर कधीं चाळीस, हें ठाऊक असल्यामुळें कंपायलर शेवटच्या कोणत्याही रांगेच्या आंकड्यावर विश्वास ठेवीनासा झाला. कंसांत ४ असून खरोखरच चार कप्पे असले, तरी पांचव्यावर कोणी गेल्यास तो अडवीत नसे. युक्ति कांहीं रांगांपुरती होती. संरक्षण मात्र सरळ लिहिलेल्या रांगांचेंही गेलें.

१९९९ च्या प्रमाण ‘सी’नें कंस रिकामा ठेवण्याची रीति दिली. रिकामा कंस म्हणजे ‘लांबी येथें ठरलेली नाहीं.’ अशी रांग शेवटींच असावी लागते, नाहींतर कंपायलर चूक दाखवितो. तिचें माप विचारलें तरीही चूकच दाखवितो. लिनक्सच्या नियमपुस्तिकेंत २०२० पासून शून्याची व एकाची जुनी रीति वर्ज्य ठरली, आणि कामकरी मंडळी एकेक फाइल हातीं घेऊन ती बदलूं लागली. हें काम केवळ १ खोडण्याचें नव्हे. १ खोडला आणि हिशेबांतील ‘उणे एक’ तसेंच राहिलें, तर जागा एका नांवापुरती कमी पडते. म्हणजे सुधारणेनेंच नवें भोंक पडावयाचें!

२०२३ मध्यें निघालेल्या लिनक्स ६.५ पासून कंपायलरास सांगितलें जातें कीं, रिकाम्या कंसाखेरीज कोणत्याही कंसांतील आंकडा खराच मानावा. तरी रिकाम्या कंसाची लांबी कोणीं सांगावी? त्यासाठीं रांगेवर एक खूण करतां येते: हिची लांबी अमुक खान्यांत लिहिलेली आहे. हजेरीपटांत ती संख्या वर होतीच. फक्त ती नांवांशीं जोडलेली नव्हती. ही खूण क्लँग कंपायलरास १८ व्या आवृत्तीपासून व जीसीसीस १५ व्या आवृत्तीपासून समजते, आणि मग प्रोग्राम चालू असतांनाही मर्यादा तपासतां येते.

कांहीं जुने १ मात्र अजून जागच्या जागीं आहेत. बाहेरचे प्रोग्राम लिनक्सशीं ज्या ठरीव नमुन्यांनीं बोलतात, त्यांचें माप बदललें तर ते प्रोग्राम बिघडतील. तेथें त्याच जागेला दोन नांवें देतात: एक जुनें, कंसांत १ असलेलें, बाहेरच्यांसाठीं, आणि दुसरें, रिकाम्या कंसाचें, गाभ्याच्या स्वतःच्या उपयोगासाठीं.