शक्तिपेयांतील वनस्पतिजन्य उत्तेजके व विद्यार्थ्यांचे आरोग्य

परीक्षेचे दिवस जवळ आले किंवा तालुक्याच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, की 'एनर्जी ड्रिंक' या नावाने विकल्या जाणाऱ्या रंगीत पेयांच्या बाटल्या मुलांच्या हाती दिसू लागतात. त्यांमुळे रात्री अभ्यास अधिक होतो व मैदानावर दम टिकतो, असा मुलांचा समज असतो. आणि त्यांत वनस्पतींचा अर्क आहे असे ऐकले म्हणजे पालकही निःशंक होतात. या पेयांपासून मिळते ती खरोखर शक्ती आहे काय, हे शिक्षकांना नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या पेयांतील मुख्य उत्तेजक द्रव्य कॅफीन हे होय. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. १८२७ साली चहाच्या पानांतून मिळालेल्या द्रव्यास 'थेईन' असे निराळे नाव देण्यात आले. परंतु ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील ग्वाराना ही वेल, पश्चिम आफ्रिकेतील कोला वृक्ष आणि दक्षिण अमेरिकेतील येर्बा माते यांतही तेच कॅफीन असते. ग्वारानाच्या बियांत तर त्याचे प्रमाण कॉफीच्या बियांहूनही अधिक असते. तेव्हा वेष्टनावरील नाव अनोळखी असले, तरी आतील द्रव्य ओळखीचेच असते. वनस्पतिजन्य ते सर्व निरुपद्रवी, ही समजूतही निराधार आहे. तंबाखू आणि धोतरा याही वनस्पतीच होत. कॅफीन तर वनस्पतींच्या अंगी किडीपासून बचावाचे साधन म्हणूनच असते.

मनुष्य जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व ते थकव्याची वर्दी देते. कॅफीन या द्रव्याची जागा अडवून बसते. त्यामुळे थकवा नाहीसा होत नाही. केवळ त्याची वर्दी पोहोचत नाही. राखणदाराचे तोंड बांधल्याने चोर पळून जात नाही, तसेच हे आहे. पेयातील खरी ऊर्जा साखरेची असते. अडीचशे मिलिलिटरच्या गोड पेयात पुष्कळदा पाच चमचे साखर असते. शिवाय प्रौढाच्या शरीरातूनही निम्मे कॅफीन उतरण्यास सुमारे पाच तास लागतात. म्हणजे रात्री आठ वाजता घेतलेल्या कॅफीनपैकी अर्धे मध्यरात्रीनंतर एक वाजताही अंगात असते. झोप मोडते, आणि ज्या पाठांतरासाठी जागरण केले ते मनात ठसत नाही.

प्रमाणाचा विचार केल्यास धोका अधिक स्पष्ट होतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे अशा पेयात दर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मुलांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा आधारभूत मानली. २५ किलो वजनाच्या मुलास ही मर्यादा ७५ मिलिग्रॅम होते. कमाल प्रमाणाच्या २५० मिलिलिटर पेयातही नेमके ७५ मिलिग्रॅमच कॅफीन असते. सकाळचा चहा त्यात मिळवला, की मर्यादा ओलांडली जाते. हे पेय बालकांसाठी योग्य नाही, अशी सूचना वेष्टनावर असते. ती बारीक अक्षरांमुळे वाचली जात नाही, इतकेच. शाळांच्या ५०० मीटर परिसरात अतिकॅफीनयुक्त पेयांच्या विक्रीस बंदी करण्याचे महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत जाहीर केले होते. तथापि घरी व यात्रेत मुलाच्या हाती काय पडते, हे पाहणारा गावात शिक्षकच असतो.

वर्गात एखादा विद्यार्थी पहिल्याच तासाला पेंगतो, त्याचे हात कापतात, डोके दुखते किंवा तो विनाकारण चिडतो. अशा मुलास आळशी वा व्रात्य ठरविण्यापूर्वी त्याची झोप किती झाली आणि त्याने काय प्यायले, हे ममतेने विचारावे. छातीत धडधड होत असल्यास किंवा घेरी आल्यास पालकांना कळवून त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

वरच्या वर्गांत याचाच गणिताचा पाठ घेता येईल. मुलांनी रिकाम्या बाटल्या आणाव्यात, वेष्टनावरील आकडे वाचावेत आणि स्वतःच्या वजनावरून मर्यादा काढावी. स्वतः काढलेले उत्तर मुलांना उपदेशापेक्षा अधिक पटते. पालकसभेत हेच गणित फळ्यावर मांडावे. खेळाच्या दिवशी पाणी, ताक, लिंबाचे सरबत व गूळ-शेंगदाणे यांची व्यवस्था करावी. प्राथमिक शाळेतील मुलास रात्री किमान नऊ तास झोप हवी, हेही पालकांस आवर्जून सांगावे. पोटभर अन्न व पुरेशी झोप यांतून येणारी शक्तीच परीक्षेत व मैदानावर टिकते, ही जाणीव मुलांच्या मनात रुजविण्याचे कार्य शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य करावे.