वेळेआधीची तयारी

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हटले जाते. या बोलण्यात जसे कौतुक आहे, तशीच भीतीही आहे. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीची आठवण पूर्वी गावोगावी असे. त्या दुःखद अनुभवातूनच हे शब्द रूढ झाले असावेत. आज परिस्थिती बदलली आहे. २००४ ते २००६ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८ ते २०२० या काळात हे प्रमाण ९७ पर्यंत खाली आले. तरीही होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे असतात. ते कसे टाळता येतील, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

गर्भारपण हा आजार नव्हे. बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात. परंतु ऐनवेळी कोणाला अडचण येईल, हे आधी नेमके सांगता येत नाही. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला, तर काही तासांतच जीव धोक्यात येतो. नेमक्या त्याच वेळी घरात चर्चा सुरू होते. दवाखान्यात न्यायचे का? कोठे न्यायचे? गाडी कोणाची? पैसे कोण देणार? सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या कारणांचा विचार करताना तीन विलंब दाखवून दिले. उपचार घेण्याचे ठरवण्यात होणारा पहिला विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात होणारा दुसरा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होणारा तिसरा. हे विलंब कमी करण्यासाठी आपल्या हाती नऊ महिने असतात.

तयारीची सुरुवात शरीरापासून करावी. दिवस गेल्याचे लक्षात येताच, शक्यतो पहिल्या १२ आठवड्यांत, आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांच्याकडे नाव नोंदवावे. प्रसूतीपूर्वी किमान चार वेळा तपासणी झाली पाहिजे. तीत वजन, रक्तदाब, रक्त व लघवी तपासतात आणि धनुर्वात व घटसर्प यांपासून संरक्षण देणारी लस टोचतात. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. ‘मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ असे काही जणी म्हणतात. परंतु रक्तदाब १४० / ९० च्या वर गेला, तरी सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. तो यंत्रालाच कळतो.

रक्ताचेही तसेच आहे. गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात. ते ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास स्थिती गंभीर असते. निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सोसू शकते, तेवढा अशा स्त्रीला सोसत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची एक गोळी रोज, याप्रमाणे १८० दिवस घ्यावी. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस ती चालू ठेवावी. गोळीमुळे शौचाचा रंग काळा होतो. त्याला घाबरून गोळी बंद करू नये. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबू किंवा आवळा खाल्ल्यास लोह अंगी लागण्यास मदत होते.

कमी खाल्ले तर बाळ लहान राहते आणि सुटका सोपी होते, ही समजूत चुकीची आहे. त्यामुळे आई व बाळ दोघेही अशक्त होतात. भाकरी, डाळ, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, शेंगदाणे, दूध आणि चालत असल्यास अंडी, असा साधा आहार पोटभर घ्यावा. दुपारी विश्रांती घ्यावी. तंबाखू व मिश्री पूर्णपणे सोडावी.

पहिला विलंब टळावा, यासाठी धोक्याची लक्षणे घरातील सर्वांना माहीत असावीत. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज येणे, झटके, ताप, धाप लागणे, पोटात असह्य दुखणे, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. नवरा बाहेरगावी असला, तरी घरातील कोणी तत्काळ निर्णय घ्यावा, हे आधीच ठरवून ठेवावे.

दुसरा विलंब टाळण्यासाठी प्रसूतीची अंदाजे तारीख काढावी. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. पाळी १० मे रोजी आली असेल, तर तारीख १७ फेब्रुवारी येते. प्रसूती या तारखेच्या आधीही होऊ शकते. म्हणून सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची गडबड सुरू होईल, तेव्हाच पुढील तयारीही पूर्ण करावी. कोणत्या दवाखान्यात जायचे, सोबत कोण येणार, घरातील मुलांना कोण सांभाळणार, हे ठरवावे. १०८ किंवा आपल्या राज्यातील रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. रुग्णवाहिका वेळेत न आल्यास गावातील कोणाची गाडी मिळेल, याचीही चौकशी करून ठेवावी. थोडे पैसे, धुतलेले सुती कपडे व बाळाची दुपटी एका पिशवीत तयार असावीत.

तिसरा विलंब पूर्णपणे आपल्या हाती नसतो. तरीही तो कमी करता येतो. शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे आधी विचारावे. आपला रक्तगट जाणून घ्यावा आणि गरज पडल्यास रक्त देऊ शकतील अशा दोन व्यक्तींशी बोलून ठेवावे. माता व बाल संरक्षण कार्ड सदैव जवळ बाळगावे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते, ऊसतोडीसाठी कुटुंब दूरच्या जिल्ह्यात जाते. अशा वेळी कार्ड घरी राहिले, तर नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. तेथे पोहोचताच तेथील आशा कार्यकर्तीला भेटावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार आणि ने-आण मोफत आहे. तो प्रत्येक गर्भवतीचा हक्क आहे. प्रसूतीनंतरही किमान ४८ तास दवाखान्यातच थांबावे.

ही तयारी केवळ गर्भवतीची नाही. सासू, नवरा, आई, शेजारी या सर्वांचा तीत वाटा आहे. बाळंतपणातील प्रत्येक अडचण टाळता येईलच असे नाही. परंतु घरातील वादात आणि गाडीच्या शोधात गेलेला वेळ मात्र निश्चितच वाचवता येतो. त्या वेळेवरच अनेकदा आईचे आणि बाळाचे प्राण अवलंबून असतात.