विरार लोकल आणि चमचाभर पांढरे दाणे

विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी सव्वा तास कुठे गेला नाही, आणि डब्यात मुतारी नाही. १८६७च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी निघाली. तेव्हापासून इथल्या माणसाची झोप, जेवण, चालण्याचा वेग, सगळं गाडीच्या वेळेला सरावलं. मूत्राशय मात्र साठीनंतर वेळापत्रक पाळेलच असं नाही. मध्येच बोरिवलीला उतरून मोकळं व्हावं म्हटलं, तर सकाळच्या गर्दीत पुढच्या गाडीत चढू कोण देणार? म्हणून कितीतरी पुरुष घरातून निघेपर्यंत पाण्याला शिवतच नाहीत. त्याने उलटंच होतं. लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते आणि कळ आणखी लवकर येते.

मग कधीतरी मेडिकलमध्ये दबक्या आवाजात ‘वडिलांसाठी डायपर द्या’ असं सांगून सर्वांत जाडजूड पाकीट घरी येतं. निवड बहुतेकदा तिथेच चुकते. आधी बघायला हवं की लघवी सुटते कधी आणि किती. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना काही काळ खोकताना, पिशवी उचलताना थोडी सुटते. कुणाला कळ आली की संडास गाठेपर्यंत दम निघत नाही. आणि कुणाचं सगळं नीट होतं, पण पॅन्टची चेन लावली की चार थेंब बाहेर. या शेवटच्या प्रकाराची गंमत अशी, की त्याला बहुतेक वेळा काही विकत आणावंच लागत नाही. पुरुषाची मूत्रनलिका जवळपास २० सेंटिमीटर लांब, त्यात अंडकोशामागे एक वळण. लघवी झाली तरी थोडी त्या वळणात साचून राहते आणि चालायला लागलं की ओघळते. अंडकोशामागे बोटं ठेवून हलका दाब देत पुढे आणलं की ती तिथेच निघून जाते. इतकी साधी युक्ती, पण सांगतं कोण कुणाला!

थोडी गळती असेल तर पुरुषांचं वेगळं पॅड मिळतं. बायकांच्या पॅडमध्ये शोषणारा थर मधोमध असतो. पुरुषाची धार पडते पुढे, म्हणून हे पॅड पुढे रुंद, खोलगट आणि मागे निमुळतं. अंडरवेअर मात्र घट्ट हवी. ढगळ हाफपॅन्टमध्ये ते जागेवर राहत नाही.

असं एखादं पॅड कात्रीने उघडून बघाच. आत कापसासारखा लगदा आणि त्यात अडकलेले बारीक पांढरे दाणे. चमचाभर दाणे ग्लासात घेऊन वर पाणी ओता. थोड्या वेळाने ग्लास उलटा केला तरी थेंब पडत नाही. आत भिजल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक गोळा! हे सोडियम पॉलिॲक्रिलेट. अशा अतिशोषक पदार्थांवर १९६०च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्याने काम केलं, ते जमिनीत पाणी धरून ठेवण्यासाठी. दाण्यात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या गुंडाळलेल्या असतात. पाणी शिरलं की सोडियमचे आयन सुटे होतात, साखळीवर उरलेले ऋण भार एकमेकांना ढकलतात, साखळी उलगडते आणि आणखी पाणी आत ओढलं जातं. साखळ्यांना मध्ये मध्ये गाठी मारलेल्या असतात, म्हणून दाणा फुगतो, विरघळत नाही.

आता त्याच गोळ्यावर मीठ टाका. पाणी परत सुटायला लागतं! बाहेर मीठ असलं की आत ओढण्याचा जोर ओसरतो. शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या काहीशे पट पिणारा हा दाणा खारट लघवी साधारण ३० ते ५० पटच धरतो. जाहिरातीतल्या निळ्या पाण्यावर माझा विश्वास नाही तो यामुळे. शिवाय भरलेलं मूत्राशय ४००-५०० मिलिलिटरचं. तेवढं एका दमात सुटत असेल तर पॅड पुरणार नाही; चालत्याफिरत्या माणसाला पॅन्टसारखं चढवायचं डायपर घ्यावं, अंथरुणाला खिळलेल्याला चिकटपट्टीचं, म्हणजे कूस वळवून बदलता येतं. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जे माप मोठं ते धरा. त्याहून मोठं घेतलं तर मांडीपाशी फट राहते आणि सगळं तिथूनच गळतं.

मापाचा हा घोळ अंतराळवीरांनीही घातला. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्डचं उड्डाण अवघं पंधरा मिनिटांचं, म्हणून लघवीची सोयच केली नव्हती. उड्डाण कित्येक तास रखडलं आणि त्याला सूटमध्येच मोकळं व्हावं लागलं. लोकलच्या प्रवाशाला यात नवल वाटू नये. पुढे कंडोमसारखं आवरण आणि त्याला नळी अशी व्यवस्था आली. ते आवरण लहान, मध्यम, मोठं अशा मापांत मिळे. अपोलो-९चा रस्टी श्वाइकार्ट सांगायचा, की मर्दपणापायी मोठं माप मागावं आणि मग ते गळावं. आज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कंडोम कॅथेटरचंही तेच. घेर मोजून घ्या, बाकी मान-अपमान घरी ठेवा.

वसईच्या पावसाळी दमटपणात ओलं डायपर तासन्‌तास ठेवलं तर कातडी सोलवटते, तेव्हा ‘अजून भरलं नाही’ हा हिशोब नको. वापरलेलं कागदात गुंडाळून वेगळं द्यावं. फ्लश केलं तर तेच दाणे पाइपात फुगतात.

एका गळतीला मात्र कुठलंच पॅड उत्तर नाही. दिवसरात्र थेंब थेंब गळतं, धार बारीक झालीय, ओटीपोट तट्ट. मूत्राशय रिकामं होत नाही म्हणून वरचं वर सांडतंय, बहुधा वाढलेल्या प्रोस्टेटने वाट अडवल्यामुळे. कपडे कोरडे राहिले तरी आत तुंबलेली लघवी मागे दाब देऊन मूत्रपिंडं खराब करू शकते. अशा वेळी मेडिकलऐवजी आधी यूरॉलॉजिस्टकडे जायचं, आणि लघवी पूर्ण बंदच झाली तर त्याच तासाला.