विकार आणि विकर

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की घरातला एखादा हात हळूच मागे सरतो. 'मला नको, मला साखर आहे' हे वाक्य आपल्या घरांतून आता चकलीच्या वासाइतकेच ओळखीचे झाले आहे. मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू, बैठ्या माणसांचा विकार, अशी आपली एक जुनी समजूत. पण ती आता सोडून दिलेली बरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. शहरांत शंभर प्रौढांमागे सोळा, तर खेड्यांतही शंभरामागे जवळजवळ नऊ!

हा खेड्यातला आकडा म्हणजे काय, हे समजण्यासाठी पुण्याहून पन्नास-साठ किलोमीटरांवरचा भोर-वेल्ह्याचा मुलूख डोळ्यांपुढे आणावा. एकीकडे वरंध्याच्या घाटाची वाट, दुसरीकडे राजगड-तोरण्याची उभी धार. खाली भाताची खाचरे आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. आषाढसरींत माणसे अनवाणी चिखलात उभी राहून भाताची लावणी करतात. आता ज्याच्या रक्तात वर्षानुवर्षे साखर वाढलेली आहे, त्याच्या पायांची संवेदना मंदावत जाते. काटा बोचला तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते. ज्याचे पोट पायांवर चालते, त्याला हा विकार वेळीच कळणे किती मोलाचे!

पण कळायचे कसे? आपल्या प्राचीन वैद्यांनी लघवीच्या गोडीवरून या रोगाचे नाव ठेवले; तिला मुंग्या लागतात हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. विसाव्या शतकात बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. साखर असली तर रंग हिरवा, पिवळा आणि अखेर विटकरी होई. मात्र रक्तातली साखर बरीच चढल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे चोर घरातून बाहेर पडल्यावर दिवा लावण्यासारखेच ते!

रक्तातच साखर मोजण्याची युक्ती सापडली ती एका विकराच्या मदतीने. शास्त्रज्ञ ज्याला एन्झाइम म्हणतात, त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'विकर' असा शब्द आहे. विकार आणि विकर, फरक काय तो एका कान्याचा! विकर हे शरीरातले कारागीर. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ती किमया लाळेतल्या विकराची. प्रत्येक विकर आपले ठरावीक द्रव्यच निवडतो, जशी एका कुलपाला एकच किल्ली. 'ग्लुकोज ऑक्सिडेज' नावाचा विकर एका बुरशीपासून मिळतो. रक्तात शेकडो द्रव्ये असली तरी तो नेमका ग्लुकोजला हात घालतो, आणि हे काम करताना प्राणवायू खर्च करतो.

१९६२ साली अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी ही गोष्ट हेरली. प्राणवायू मोजणारा विद्युदग्र त्यांनी आधीच तयार केला होता. त्याच्यावर या विकराचा थर बसवला, तर किती प्राणवायू खर्ची पडला यावरून साखर किती ते कळेल, अशी ही साधी सरळ कल्पना. १९७५ साली तिचे यंत्र बाजारात आले, पण ते प्रयोगशाळेतल्या टेबलावरचे. पुढे १९८४ साली ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी प्राणवायूऐवजी फेरोसीन या लोहयुक्त द्रव्याला मध्यस्थ नेमले. विकराने ग्लुकोजकडून घेतलेले इलेक्ट्रॉन हा मध्यस्थ विद्युदग्रापर्यंत पोहोचवतो. साखर जितकी जास्त, तितका विद्युत्प्रवाह जास्त. प्रवाह मोजला की साखर मोजली! १९८७ साली हे सारे एका लेखणीएवढ्या यंत्रात मावले. आज घरोघरी दिसणारी पट्टी ही त्याच वंशातली.

ही कल्पना साखरेपाशीच थांबली नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. स्टॅनिस्लॉस डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखण्यासाठी सूक्ष्मजंतूंमधल्या विकराला कामाला लावले. रोग्याच्या बोटापासून शिवारापर्यंत या कारागिरांचा संचार आहे.

आणि म्हणूनच आज डोंगरातल्या उपकेंद्रावर परिचारिका तीस वर्षांपुढच्या माणसाचे बोट टोचून काही सेकंदांत आकडा सांगू शकते. एवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून पुण्याला जायला नको.

तरीही कारागिराची काळजी घ्यावी लागते. विकर हे प्रथिन आहे. उष्णतेने आणि दमट हवेने ते बिघडते. पट्ट्यांच्या डबीत ओलावा शोषणारे द्रव्य असते ते याचसाठी. घाटातल्या पावसात डबीचे झाकण उघडे राहिले, तर आकडा खोटे बोलू लागतो. रुग्णाच्या अंगात रक्त कमी असेल, तर काही यंत्रे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्याकडे कितीतरी स्त्रियांना रक्तक्षय असतो, हे येथे विसरून चालणार नाही. म्हणून पट्टीने संशय दाखवावा आणि निदानाची खात्री प्रयोगशाळेने करावी, हाच रिवाज योग्य. शहरातल्या आपल्या घरांनाही यात एक धडा आहे. पाकातली चिरोटी वाढून झाल्यावर हात न धुता बोट टोचले, तर पट्टी रक्तातली नव्हे, पाकातली साखर मोजते!

शेवटी आकडा म्हणजे औषध नव्हे. वेल्ह्याच्या वाडीवर पट्टीने विकार ओळखला, पण पुढे गोळ्या दर महिन्याला मिळाल्या नाहीत, पायांची तपासणी झाली नाही, तर त्या थेंबभर रक्ताचे चीज झाले असे म्हणता येणार नाही. विकराने आपले काम काही सेकंदांत चोख केले आहे; वर्षानुवर्षांचे काम माणसांकडे आहे. ते झाले, तरच भोर-वेल्ह्याच्या खाचरांत पुढच्या आषाढातही तीच पावले घट्ट रोवून उभी राहतील.